फॉर्म अर्धवट का राहतो: आधी उत्तर कुठे ठेवलंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातला तुमचा ट्रस्ट विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांना दहावीनंतर शिष्यवृत्ती देतो. पूर्वी कागदी अर्ज होता, गेल्या वर्षी तो ऑनलाइन केला. चाळीसेक रकाने आहेत. लिंक उघडणारे भरपूर, पण अर्ध्याहून जास्त मुलं मधेच सोडून जातात. विश्वस्त म्हणतात रकाने कमी करा. साइट बनवणारा म्हणतो, वर 'इतके टक्के झाले' अशी पट्टी लावू आणि रंग बदलू. कोणाचं ऐकायचं?

विश्वस्त निम्मे बरोबर आहेत. पट्टी आणि रंग हे शेवटच्या आठवड्यातलं काम. पण कमी करायचे म्हणजे कोणते रकाने, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. नाव, शाळा, माध्यम, आईचं नाव, भावंडं किती, असे वीस प्रश्न दहावी झालेला मुलगा बसल्या जागी भरून टाकतो. आणि 'कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न' हा एकच रकाना त्याला जागेवरून उठवतो. आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असते, वडील मागावर असतात, विचारायचं कोणाला? 'नंतर भरू' म्हणून तो फोन खाली ठेवतो आणि अर्ज तिथेच राहतो. म्हणून मी रकाने मोजत बसत नाही. फॉर्म भरताना माणसाला किती वेळा उठावं लागतं, ते मोजतो.

हे मोजायला फार काही लागत नाही. फॉर्मची प्रिंट काढा आणि प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीने लिहा, की याचं उत्तर भरणाऱ्याकडे नेमकं कुठे असतं. काही उत्तरं डोक्यात असतात. काही हातातल्या फोनमध्ये. काही घरातल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत, जिच्यात सगळ्यांची आधार कार्डं, पासबुकं, रेशन कार्ड आणि मार्कशीट असतात आणि जी कुठे ठेवलीय ते फक्त आईला माहीत असतं. काही उत्तरं दुसऱ्या माणसाकडे असतात. आणि काही अजून तयारच झालेली नसतात, ती कचेरीतून आणायची असतात. डोक्यातल्या प्रश्नांना हात लावायची घाई करू नका. शेवटच्या दोन प्रकारांवर तुटून पडा.

उत्पन्नाचंच घ्या. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. कामाचे दिवस कमी-जास्त होतात, तंबाखू-पाला कमी मिळाला तर आठवडा तसाच जातो. तिला 'वार्षिक उत्पन्न' विचारलं तर ती काय सांगणार? ती आकडा ठोकून देते, किंवा मुलाला 'दाखल्यावर बघ' म्हणते. दाखला तहसीलचा, एका वर्षाच्या दाखल्यावर ३१ मार्चपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं, आणि तुमचा अर्ज निघतो जूनमध्ये. म्हणजे घरात असलेला दाखला बहुधा मुदत संपलेला. नवा काढायचा तर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्र, तिथे पुन्हा कागदं, पुन्हा वाट. तुम्ही एक रकाना ठेवलात आणि त्या घराला दोन-तीन मजुरीचे दिवस खर्ची घालायला लावलेत.

याला पर्याय आहे. पहिल्या अर्जात विचारा: घरात कमावणारं कोण कोण, आणि प्रत्येकाला आठवड्याला किंवा महिन्याला साधारण किती मिळतात. 'आठवडा' की 'महिना' ते त्यांना निवडू द्या. वर्षाचा गुणाकार कॉम्प्युटरने करावा, त्याला तेवढ्यासाठीच ठेवलाय. अंदाज चालेल असं रकान्याखाली स्पष्ट लिहा. दाखला फक्त त्यांच्याकडून मागा ज्यांची नावं पहिल्या यादीत आली. तोपर्यंत त्यांना तो काढायला कारणही मिळालेलं असतं आणि वेळही.

गुणपत्रिकेचं तसंच. दहावीचा निकाल आधी ऑनलाइन दिसतो, मूळ गुणपत्रिका शाळेत काही दिवसांनी येते. या मधल्या काळात 'मूळ गुणपत्रिका अपलोड करा' हा सक्तीचा रकाना म्हणजे उघड्या दाराला कुलूप. बोर्डाच्या साइटवर निकाल बघताना मुलं आसनक्रमांक आणि आईचं नाव टाकतात. या दोन गोष्टी त्या दिवसांत त्यांना तोंडपाठ असतात. तेवढं घ्या, टक्के घ्या, कागद नंतर तपासा.

आता दुसरा प्रश्न पेन्सिलीनेच: या उत्तराचं आपण काय करतो, आणि केव्हा? प्रत्येक रकान्यासमोर ट्रस्टमधल्या एका माणसाचं नाव लिहा, जो हे उत्तर वाचून काहीतरी ठरवतो. ज्याच्यासमोर कोणाचंच नाव येत नाही तो रकाना गेला. 'असू दे, पुढे कधी लागलं तर' या एका वाक्याने जितके फॉर्म फुगलेत तितके दुसऱ्या कशाने फुगले नसतील. पतसंस्था असो, कॉलेज असो की चादरीची घाऊक पेढी, बैठकीत हे वाक्य कोणीतरी म्हणतंच, आणि म्हणणारा सहसा फॉर्म कधीच भरणार नसतो.

ऐच्छिक रकाना ठेवला तर काय बिघडतं, असं विश्वस्त विचारतील. त्यांना एक्स्पीडिया या प्रवास-बुकिंग कंपनीचा किस्सा सांगा. त्यांच्या पैसे भरायच्या पानावर नावाखाली 'कंपनी' असा एक ऐच्छिक रकाना होता. बऱ्याच जणांना वाटलं, कार्ड ज्या बँकेचं तिचं नाव विचारतायत. त्यांनी बँकेचं नाव टाकलं, आणि मग त्याच ओघात पुढच्या पत्त्यात बँकेचा पत्ता टाकला. कार्डाचा पत्ता जुळेना, व्यवहार फसले. कंपनीच्या लोकांनी आकडे तपासून कारण शोधलं, तो एक रकाना काढला, आणि त्यातून वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा नफा वाढल्याचं त्यांनी २०१० च्या सुमारास सांगितलं. सक्ती नसलेला रकानाही शेजारच्या रकान्यांचा अर्थ बदलतो.

बँकेचा तपशील पहिल्या अर्जातून सरळ काढून टाका. ज्यांना पैसे द्यायचे त्यांनाच विचारा. तेव्हाही शाखेचं नाव, शाखेचा पत्ता विचारू नका, आयएफएससी कोडवरून दोन्ही कळतं. हा कोड ११ अक्षरांचा असतो, पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची आणि पाचव्या जागी नेहमी शून्य. लोक तिथे हटकून इंग्रजी 'ओ' टाकतात. त्यावर लाल अक्षरात चूक दाखवायची काही गरज नाही, पाचव्या जागचा 'ओ' गुपचूप शून्य करा आणि खाली बँक-शाखेचं नाव दाखवून 'हीच का?' एवढं विचारा. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो घेतलात तर आणखी बरं, कारण खातं क्रमांक टाइप करण्यातली चूक सर्वांत महाग पडते.

आधार क्रमांक तुम्ही 'ओळखीसाठी' मागताय असं तुम्ही लिहिलंय. काढा. खाजगी संस्थांना आधार वापरू देणारा कलम ५७ मधला भाग सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द केला आहे. त्यापलीकडे व्यवहाराची गोष्ट म्हणजे, १२ आकडी नंबर दिसला की पालक सावध होतात. फसवणुकीचे इतके फोन येतात की 'लिंकवर आधार टाकू नको' हे आता घरोघर सांगितलं जातं, आणि बरोबरच सांगितलं जातं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच म्हणतो, की संमती ही त्या कामाला लागणाऱ्या माहितीपुरतीच. आणि तुमचे अर्जदार १८ च्या आतले आहेत, म्हणजे हा कायदा पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. तुमच्या वकिलांशी यावर एकदा बसा. संमतीचा मजकूर आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय द्यावा असंही त्यात आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. आपल्या गावाला याहून वेगळं काय पाहिजे?

नावाच्या रकान्यावर थोडं जास्त थांबतो, कारण मी पाहिलेल्या फॉर्मपैकी निम्मे तरी इथेच पहिला तडाखा देतात. तुमच्याकडे 'पहिले नाव', 'मधले नाव', 'आडनाव' असे तीन सक्तीचे रकाने आहेत आणि तिन्हींत फक्त इंग्रजी अक्षरं चालतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत वडिलांचं नाव मार्कशीटवर एक, आधारवर त्याचंच वेगळं स्पेलिंग, आणि रेशन कार्डावर तिसरं. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. काही मुस्लिम मुलांच्या कागदांवर मधलं नाव नसतंच. मग काय होतं? मधल्या नावात टिंब. किंवा आडनावच पुन्हा. किंवा 'एनए'. आणि वर्षअखेरीस तुमच्या यादीत 'एनए' नावाचे वडील असलेली दहा मुलं निघतात.

एकच लांब रकाना ठेवा: 'दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसं पूर्ण नाव'. क्रम तोच, स्पेलिंग तेच. बँकेच्या खात्यावरचं नाव वेगळं असेल तर ते बँकेच्या टप्प्यावर येईलच. पालकांच्या नावातही 'वडील' सक्तीचे करू नका. 'पालकाचं नाव' आणि 'नातं' असे दोन रकाने पुरतात. आजीकडे वाढणारी, मामाकडे राहणारी मुलं तुमच्याच योजनेत सर्वांत जास्त असणार. त्यांना पहिल्याच पानावर नसलेल्या बापाचं नाव विचारून काय साधतं?

देवनागरीत नाव घ्यायचं असेल तर तुमच्या साइटवाल्याला दोन गोष्टी सांगा. एक, 'फक्त अक्षरं' अशी तपासणी लावताना युनिकोडमधला (कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांची अक्षरं ज्याने ठरतात त्या पद्धतीतला) अक्षरांचा गट घेऊन थांबू नका. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त हे चिन्हांच्या वेगळ्या गटात मोडतात. तो गट सोडला तर 'लक्ष्मी' चुकीचं आणि 'कमल' बरोबर ठरतं. दुसरं, कमाल अक्षरमर्यादा सढळ ठेवा. 'श्री' आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसतं, कॉम्प्युटर चार मोजतो. इंग्रजीच्या हिशोबाने लावलेली तीसची मर्यादा लक्ष्मीनारायणच्या मुलाला पुरत नाही.

आणि आकडे. मराठी कीबोर्ड चालू असला की मोबाइल नंबर '९८...' असा देवनागरीत पडतो. बहुतेक तपासण्या फक्त इंग्रजी आकडे ओळखतात, म्हणून बरोबर नंबर टाकूनही 'चुकीचा नंबर' असा निरोप येतो. मुलगा तीनदा तोच नंबर टाकतो आणि जातो. देवनागरी आकडे इंग्रजीत बदलणं म्हणजे दोन ओळींचा कोड. मधल्या जागा, सुरुवातीचं शून्य, '+९१', सगळं स्वतः साफ करा. आकड्यांचा कीबोर्ड उघडायचा असेल तर रकान्याचा प्रकार 'नंबर' ठेवू नका. त्यात सुरुवातीची शून्यं गळू शकतात, कॉम्प्युटरवर माउसचं चाक फिरवलं तरी आकडा बदलू शकतो. साधा मजकुराचा रकाना ठेवून 'इनपुटमोड' न्यूमेरिक करा. ब्रिटन सरकारच्या डिजिटल सेवेने २०२० मध्ये आपल्या फॉर्मांत हाच बदल केला.

पत्ता. 'घर क्रमांक, इमारत, रस्ता, लँडमार्क, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, पिन' हा साचा मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांसाठी बेतलेला आहे. विडी घरकुल या कामगार वसाहतीतल्या मुलीचा पत्ता ग्रुप आणि घर नंबर एवढाच. २०२४ च्या जानेवारीत रे नगर या कामगारांच्या नव्या वसाहतीतल्या पहिल्या १५ हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. जे लोक तिकडे राहायला गेले त्यांच्यातल्या अनेकांच्या कागदांवर जुन्या पेठेतलाच पत्ता असणार. 'कायमचा पत्ता' म्हणजे कुठला, हे त्यांनी कसं ठरवायचं? तुम्हाला पत्ता कशासाठी हवा ते आधी ठरवा. पत्र पाठवणार असाल तर 'टपाल कुठे पोचेल' असं विचारा आणि मोठा एक चौकोन द्या. काहीच पाठवणार नसाल, सगळं फोनवरच होणार असेल, तर पिन कोड बास. फक्त पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ठरवायचा आळस करू नका. ४१३ ने सुरू होणारे पिन सोलापूरइतकेच धाराशिव, लातूर आणि थेट बारामतीलाही आहेत.

जिल्ह्याची यादी द्यायचीच झाली तर जुनी नावंही चालू द्या. उस्मानाबाद शोधणारा 'उ'पाशी जातो, तिथे काही नाही म्हणून परत फिरतो. टाइप केलं की सुचवणारी यादी असेल तर 'उस्मा' टाकल्यावर धाराशिव दिसलं पाहिजे.

आता फोन कोणाचा, हा विषय. तुम्ही गृहीत धरलंय की मुलाकडे स्वतःचा फोन आहे. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच, आणि तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. मुलगी अशोक चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून फॉर्म भरतेय, ओटीपी जातो अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांच्या फोनवर, तिथे मागांचा आवाज. ते फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा मागितला की जुना आणि नवा एकापाठोपाठ येतात, वडील जुना वाचून दाखवतात. तीन प्रयत्न झाले की साइट चोवीस तासांसाठी बंद. हे मी कल्पनेने लिहीत नाही, कोणत्याही झेरॉक्सवाल्याला विचारा.

ओटीपी मुळात सुरुवातीलाच कशाला? नंबर खरा आहे का ते अर्ज जमा करताना तपासा, किंवा यादी लागल्यावर. ठेवायचाच असेल तर मुदत दहा-पंधरा मिनिटांची द्या, जुना ओटीपीही तेवढ्या वेळात चालू द्या, आणि 'पालकांच्या फोनवर सहा आकडी नंबर गेलाय, त्यांना फोन करून विचारा' असं वाक्य तिथेच लिहा. फोनच्या रकान्याचं नावही 'मोबाइल नंबर' एवढंच नको. 'ज्या नंबरवर आम्ही निकाल कळवू तो' असं लिहा, म्हणजे दुकानदाराचा नंबर टाकला जाणार नाही. हो, टाकतात. रांग असते, घाई असते, दुकानदार स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो आणि शिष्यवृत्ती मिळाल्याचा निरोप त्याच्याकडे जातो.

पासवर्ड तर नकोच. वर्षातून एकदा भरायच्या फॉर्मसाठी मोठं अक्षर, आकडा आणि विशेष चिन्ह असलेला पासवर्ड बनवायला लावणं हा निव्वळ छळ आहे. त्याऐवजी प्रत्येक पान पुढे गेलं की उत्तरं आपोआप जतन करा आणि पहिल्याच पानानंतर 'इथून पुढे सुरू करा' अशी लिंक एसएमएसने किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवा. ती उघडताना जन्मतारीख विचारली की काम झालं. ही एक सोय तुमच्या फॉर्ममध्ये आज नाही, आणि माझ्या मते तुमची निम्मी गळती तिथेच आहे. कारण उठावं लागणं पूर्णपणे टाळता येत नाही, आईला विचारावं लागतंच. पण उठून परत आल्यावर सगळं कोरं दिसलं तर दुसऱ्यांदा कोण बसेल? एका कॉलेजच्या प्रवेश फॉर्ममध्ये वीस मिनिटं काही टाइप केलं नाही की सगळं पुसलं जायचं, आणि अपलोड करायची कागदं होती सातव्या पानावर. मुलं कागद शोधायला उठायची आणि परत पहिल्या पानावर यायची.

फोटो आणि कागद अपलोड करायचा टप्पा हा दुसरा मोठा खड्डा. आजचा साधा फोनसुद्धा तीन-चार एमबीचा फोटो काढतो आणि तुमचा फॉर्म म्हणतो २०० केबीच्या आत. मुलाला केबी-एमबी माहीत असलं तरी फोटो लहान कसा करायचा ते येत नाही. मग दुकान, वर पैसे. आणि लहान करून आणलेला फोटो इतका धूसर की तुमच्या कारकुनाला टक्के वाचता येत नाहीत. फोटो लहान करणं ब्राउझरच्या आतच होतं, अपलोड व्हायच्या आधी. साइटवाल्याला सांगा की मर्यादा माणसावर न टाकता कोडवर टाक. 'कॅमेऱ्याने काढा' आणि 'फोनमधून निवडा' असे दोन्ही पर्याय द्या. पीडीएफ चालू द्या, आयफोनचे एचईआयसी फोटोही घ्या. फोटो चढल्यावर तो मोठा करून दाखवा आणि 'नाव आणि टक्के वाचता येतात का?' असं विचारा.

चूक दाखवणारे निरोप. 'अवैध माहिती', 'आवश्यक फील्ड', 'एरर ४२२' हे सगळं काढा. निरोपात दोनच गोष्टी हव्या: काय खटकलं आणि आता काय करायचं. 'पिन कोड ६ आकडी असतो, तुम्ही ५ टाकलेत' हा चांगला निरोप. तो रकान्याच्या शेजारी असावा, पानाच्या डोक्यावरही एकदा असावा, आणि बाकीचं भरलेलं जागच्या जागी राहावं. माणूस अजून टाइप करत असतानाच लाल होऊ नका, त्याला रकान्यातून बाहेर पडू द्या. लाल रंग एकटा पुरत नाही. उन्हात धरलेल्या स्वस्त स्क्रीनवर लाल आणि काळा सारखेच दिसतात.

दिसण्याबद्दल मोजकंच. रकाने एकाखाली एक, शेजारी-शेजारी नकोत. रकान्याचं नाव त्याच्या वर लिहा. नजरेचा माग घेऊन केलेल्या मातेओ पेंझो यांच्या २००६ च्या पाहणीत ही रचना डोळ्यांना सर्वांत सोपी गेली होती, आणि फोनवर तर दुसरा इलाजच नाही. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत सूचना लिहून नाव वाचवायचा मोह टाळा. टाइप करायला लागलं की ती नाहीशी होते आणि अर्ध्यावर थांबलेल्याला कळत नाही आपण काय भरत होतो. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, नाहीतर आयफोनवर रकान्याला बोट लावताच पान फुगतं. जन्मतारखेला कॅलेंडर उघडू नका. २००९ पर्यंत महिना-महिना मागे जाताना अंगठा दुखतो. दिवस, महिना, वर्ष असे तीन लहान रकाने द्या. कागदांच्या बाबतीत दाखल्यावर जे छापलंय तेच शब्द फॉर्मवर ठेवा, म्हणजे मूल कागद हातात धरून जुळवू शकतं.

प्रगतीच्या पट्टीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पाच टक्क्यांवरून सुरू होऊन तीन पानं झाली तरी बारावर रेंगाळणारी पट्टी लोकांना पळवून लावते. त्यापेक्षा सुरुवातीलाच एक पान करा: 'हा अर्ज भरायला गुणपत्रिका आणि पालकांचा मोबाइल जवळ ठेवा. मधे थांबलात तरी चालेल, भरलेलं राहतं.' बस. पुढे प्रत्येक पानावर 'चारपैकी दुसरं पान' एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

शेवटच्या पानावर सगळी उत्तरं एकत्र दाखवा आणि प्रत्येकासमोर 'बदला' ठेवा. याचं एक खास कारण आहे. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर आधीच्या मुलाचं नाव, नंबर, पत्ता आपणहून सुचवतो आणि घाईत तेच स्वीकारलं जातं. चूक पकडायची ती शेवटची जागा.

हे सगळं ऑफिसात बसून तपासू नका. तुमच्या ट्रस्टच्या कार्यालयात वाय-फाय आहे, पंखा आहे आणि मदतीला तुम्ही आहात. कन्ना चौकातल्या किंवा घरकुलाजवळच्या एखाद्या दुकानदाराला विचारून त्याच्याकडे दोन संध्याकाळी बसा. चार-पाच मुलांना त्यांच्याच घरच्या फोनवर फॉर्म भरू द्या आणि तोंड बंद ठेवा. ते सर्वांत अवघड. मुलगा अडला की जीभ आपोआप 'अरे, खाली बघ' म्हणायला उठते. म्हणू नका. तो कुठे थांबला, कोणाला हाक मारली, केव्हा उठला, एवढं लिहून घ्या. तेलुगू माध्यमातली एक मुलगी आणि उर्दू शाळेतला एक मुलगा त्यात असायलाच हवा. सोबत साइटवाल्याला सांगा, की कोणत्या रकान्यावर माणसं शेवटची दिसली याची नोंद ठेव. उत्तर नको, फक्त रकान्याचं नाव. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यात की कुठे हात घालायचा ते विश्वस्तांना समजावत बसावं लागणार नाही.

यंदाचा अर्ज तोंडावर आलाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणून क्रम सांगतो. सगळं आताच होणार नाही. आधी आधार, बँक आणि दाखला पहिल्या टप्प्यातून काढा, हे एका दिवसाचं काम आहे आणि त्याला कोडही फारसा लागत नाही. मग जतन करण्याची सोय आणि फोटो ब्राउझरमध्ये लहान करणं, याला आठवडाभर जाईल. नावाचा एक रकाना आणि देवनागरी आकडे त्यातच उरकतील. पत्ता, याद्या, रंग पुढच्या वर्षी. आणि अर्ज जमा झाल्यावर येणारं 'सक्सेसफुली सबमिटेड' बदलायला विसरू नका. तिथे अर्ज क्रमांक मोठ्या अक्षरात, यादी कोणत्या तारखेला लागेल, निवड झाली तर कोणते कागद लागतील, आणि अडचण आली तर दुपारी किती ते किती या नंबरवर कोण उचलेल, एवढं मराठीत लिहा आणि तेच पालकांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. नाहीतर अर्ज पोचला की नाही या शंकेने तीच मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जाऊन दुसरा अर्ज भरतात, आणि जुलैत तुमचे कारकून दुबार नावं काढत बसतात.